उसन्या कांद्यांची चाळ

"क्रेट दिसलं की इथला माणूस ते उचलतो, केतकी. आत काय आहे ते बघत नाही," सासूबाई म्हणाल्या. "एखाद दिवशी कांद्याबरोबर मार्केटात जाईल तुझी लेक. मग बस लिलाव ऐकत."

मी हसले आणि क्रेटमधली दुपटी सारखी केली.

रेवा तेव्हा चार महिन्यांची होती. घरात पाळणा होता, झोळी होती, माझ्या माहेरून आलेला पितळी कड्यांचा झोपाळाही होता. पण मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. पाळण्याच्या दोरीवर काय काय वाढत असेल ते मला डोळे मिटूनसुद्धा दिसायचं. त्यात एकदा गोधडीच्या घडीतून विंचू निघाला. त्या दिवशी मी कांद्याचं एक नवंकोरं प्लॅस्टिकचं क्रेट उकळत्या पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, दोन विटांवर ठेवलं आणि त्यात लेकीला निजवलं. चारी बाजूंनी जाळी, हवा खेळती, तळ सपाट, विंचवाला चढायला जागा नाही. मला तर त्या क्रेटचा अभिमान वाटायचा.

"पाच पिढ्या झोळीत वाढल्या," सासूबाई म्हणायच्या, "ही पहिलीच मालात वाढून राह्यली."

अडचण एकच होती. क्रेट कितीही चांगलं असलं तरी रेवा झोपायची नाही. अंगाई, शेकशेगडी, बाळगुटी, सगळं झालं. ती झोपायची फक्त ट्रॅक्टर सुरू असला की. आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हा शोध लागला. एका दुपारी ते ट्रॅक्टर दुरुस्त करून चालू करून बघत होते, आणि तासभर रडून लाल झालेली पोरगी गप्पकन झोपली. ट्रॅक्टर बंद केला, जागी झाली. चालू केला, झोपली. तेव्हापासून आमच्या अंगणात रोज दुपारी एक ट्रॅक्टर जागच्या जागी भडभडत उभा असायचा. येणारे जाणारे विचारायचे, "नाना, कुठं निघाले?" नाना म्हणायचे, "कुठं नाही. नात झोपलीय."

आता चाळीचं सांगते. उंबरदरी हे आमचं गाव चांदवडच्या अलीकडं, सगळा कांद्याचा पट्टा. त्या वर्षी सरकारी अनुदानाच्या सोडतीत गावातल्या दोघांचा कांदाचाळीसाठी नंबर लागला, एक आमचे नाना आणि दुसरे ओढ्यापलीकडचे दगूतात्या. कांदाचाळ म्हणजे उन्हाळ कांदा साठवायची लांबोडकी खोली. भिंतींच्या जागी पट्ट्या, जमिनीपासून उचललेला फटीफटींचा तळ, वर पत्रा, आणि आरपार वारा. पण अनुदान असं असतं की चाळ आधी आपल्या पैशानं बांधायची, मग कृषी खात्याचं माणूस येऊन बघणार, फोटो काढणार, आणि त्यानंतर पैसे खात्यावर. नानांनी त्यासाठी दोन म्हशी विकल्या होत्या. त्यातली धाकटी सासूबाईंची लाडकी. अनुदान आलं की तीच म्हैस परत आणायची, असं त्या घेणाऱ्याला बजावून आल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्याच्या गोठ्यावर जाऊन तिला बघूनही यायच्या.

आणि ऐन वेळी घोटाळा झाला. चाळ बांधून झाली आणि कांद्याचा भाव चढला. नानांनी सगळा कांदा चाळीत न ठेवता थेट विकून टाकला. दगूतात्यांकडं तर कांदा नव्हताच. त्यांची जमीन वाट्यानं दिलेली, मुलं पुण्याकडं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ते एकटेच मळ्यात राहायचे. त्यांनी चाळ कशाला बांधली, हे गावात कुणालाच कळत नव्हतं.

दोन्ही चाळी बांधल्या होत्या कारभारीभाऊंनी. कारभारी हे त्यांचं नावच. ते एकदा ग्रामपंचायतीत निवडून आले होते, तेव्हापासून सरकारी खात्यांच्या मनातलं त्यांना सगळं कळायचं. कृषी खात्याच्या मॅडम उद्या चाळी बघायला येणार असा फोन आला आणि कारभारीभाऊ संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"नाना, चाळ रिकामी दिसली तर संपलं. साहेब लोक काय म्हणणार? कांदा नाही तर चाळ कशाला? मंजुरी रद्द."

"असं कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

"लिहिलेलं नसतंच, वहिनी. समजून घ्यायचं असतं."

माझ्या नवऱ्याला, हर्षलला, हे लगेच समजलं. त्याला कारभारीभाऊंचं सगळंच समजायचं. ठरलं असं की कारभारीभाऊंच्या शेडमध्ये थोडा कांदा पडलेला होता, तो क्रेटांत भरून सकाळी आमच्या चाळीत लावायचा. तेवढ्यानं चाळ भरणार नव्हती, म्हणून खाली वाळलेली पात कोंबायची, वर वीतभर कांदा, आणि त्याच्यावर जुन्या लुगड्यांचे तुकडे झाकायचे, म्हणजे मॅडमना आतला हिशेब कळायला नको. मॅडमनी आमची चाळ बघितली की त्यांना ओट्यावर बसवून खाऊपिऊ घालायचं. तेवढ्यात तीच क्रेटं मागच्या वाटेनं ट्रॉलीतून दगूतात्यांच्या चाळीत.

"म्हणजे मॅडम तेच कांदे दोनदा बघणार?" मी म्हटलं.

"कांद्याला काय तोंड असतं, ओळखायला?" कारभारीभाऊ म्हणाले.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बायांचं काम काय?"

"तुम्ही पोहे करा, काकू. निवांत करा. बटाटा घाला, शेंगदाणे घाला. मॅडम लवकर उठायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळ खरोखरच भरलेली दिसत होती. लुगड्याच्या तुकड्यांनी झाकलेल्या क्रेटांच्या रांगा, पट्ट्यांमधून येणारा वारा, कांद्याचा गोडसर उग्र वास. रेवा पहाटेपासून किरकिरत होती. गावातली सगळ्यात गार जागा तीच, आणि ट्रॅक्टरही ट्रॉली जोडून चाळीच्या दाराशीच तयार उभा. नानांनी किल्ली फिरवली. भडभड सुरू झाली तशी पोरगी जांभई देऊन झोपली. मी तिचं क्रेट चाळीच्या टोकाला दोन विटांवर ठेवलं. माश्या नकोत म्हणून वरून एक पातळ पांढरा तुकडा टाकला. मग जवळच बसून राहिले. मी नेहमीच बसायचे. तिचं पोट वर जातंय, खाली येतंय, ते बघत.

"केतकी! कांदा चिरायला ये!" सासूबाईंची हाक.

"नाना, जरा लक्ष ठेवाल?"

"जा जा. मी हलत नाही इथून."

मी स्वयंपाकघरात गेले आणि तेवढ्यात मॅडम आल्या. शेळके मॅडम, माझ्याच वयाच्या असतील. स्कूटीवर, उन्हासाठी तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पाठीला सॅक. दारातून एकदा चाळीकडं नजर टाकली.

"चाळ भरलीय वाटतं?"

"भरलीय की!" कारभारीभाऊंनी आवाज चढवला. "अगदी गच्च!"

"बरं. आधी पाणी द्या हो कुणीतरी. सकाळपासून हे पाचवं गाव आहे. नाना कुठंत? त्यांना बोलवा, बोलायचंय."

नाना आले. येताना त्यांनी बघितलं, तर हर्षल चाळीजवळच होता. बाप आहे तिथं, आता आपली काय गरज, असं त्यांना वाटलं. कारभारीभाऊंना वाटलं, मॅडमनी चाळ बघितली, काम झालं. त्यांनी हर्षलकडं बघून डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. ही त्यांची ठरलेली खूण. हर्षलनं क्रेटं उचलायला सुरुवात केली, आणि कारभारीभाऊही हळूच तिकडं सरकले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फोडणी देत होते. ट्रॅक्टरचा आवाज आधी वाढला, मग लांब गेला. माझ्या हातातला झारा थांबला.

"आई, ट्रॅक्टर कुठं गेला?"

"दगूतात्याकडं. ठरलंय ना."

"पण रेवा उठेल."

"उठू दे. उठली की कळेलच. सगळ्या गावाला कळतं."

ते खरं होतं. मी कान देऊन ऐकलं. रडणं नव्हतं. मला बरं वाटलं. आज तरी ट्रॅक्टरशिवाय झोपली, असं मनात आलं. मॅडमनी पोहे खाल्ले, आणखी घेतले, वर दोनदा चहा घेतला. सासूबाई म्हशीची सगळी हकीगत सांगत होत्या, तिचं शिंग कसं वळलेलं, ती हाक मारली की कशी मान वळवते, आणि नवा मालक तिला पेंड कशी कमी घालतो. मग मॅडम उठल्या.

"चला, चाळ बघू."

नाना गडबडले. "बघितली ना तुम्ही? मघाशी. येताना."

"दारातून? अहो, मोजायची असते मला." आणि त्या चालायलाही लागल्या.

आम्ही सगळे त्यांच्या मागं. चाळ झाडून पुसून ठेवल्यासारखी रिकामी. इकडून बघितलं तर तिकडचं शेत दिसत होतं. नाना टोपी हातात घेऊन उभे राहिले. 

मॅडम म्हणाल्या, "अरे वा! एवढ्यात रिकामी केलीत? मी म्हणणारच होते. तळाच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजायचं असतं ना, भरलेल्या चाळीत कसं मोजणार? पहिल्या गावात माणसांना माझ्यासाठी दोन ट्रॉल्या कांदा उपसावा लागला. तुम्ही शहाणे निघालात."

नानांनी टोपी परत घातली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "कारभाऱ्याला सगळं कळतं म्हणे!"

पण मी ऐकत नव्हते. मी चाळीच्या टोकाकडं बघत होते. तिथं दोन विटा होत्या. विटांवर काहीच नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "रेवा?"

सासूबाईंनी विटांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग ट्रॉलीच्या चाकोरीकडं. एरवी त्यांनी मला सोडलं नसतं. पण आज त्यांनी नुसता पदर खोचला.

मी हर्षलला फोन लावला. रिंग ओट्यावर वाजली. तो फोन चार्जिंगला लावून गेला होता.

मॅडम टेप काढत होत्या. आता बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागणार होतं, कांदे उसने, पात खाली, दगूतात्यांची भरलेली चाळही खोटी. मी नानांकडं बघितलं. त्यांना काय विचारणार! दोन म्हशींचा प्रश्न.

नानांनी मला तोंड उघडूच दिलं नाही. "मॅडम," ते म्हणाले, "आमची नात कांद्यात गेली. कांदे दगूच्या चाळीत गेलेत, तुम्हाला दाखवायला. तुमची गाडी काढा."

मॅडमनी टेप सोडला. तो खर्रकन आत गेला. त्यांनी लगेच स्कूटी सुरू केली, मी मागं बसले, आणि माझ्या मागं कोण बसलं म्हणून वळून बघते तर सासूबाई. हातात पोह्यांचा झारा तसाच.

"आजी, ट्रिपल सीट चालत नाही!"

"मला चालतं. तू हाक गाडी!"

ओढ्याच्या उतारावर स्कूटी घसरली, सावरली. माझ्या डोळ्यासमोर क्रेटावर क्रेट, त्यावर क्रेट, आणि सगळ्यात खाली... मी पुढचं बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघत राहिले. सासूबाई माझ्या कानाजवळ पुटपुटत होत्या, "काही होत नाही. जाळी आहे चारी बाजूंनी. हवा खेळती आहे. तूच म्हणते ना." माझीच वाक्यं त्या मला परत देत होत्या, एकेक करून, मिरवणुकीत पेढे द्यावेत तशी.

आम्ही पोचलो आणि त्याच क्षणी नानाही धापा टाकत आले. शेतातून, दोन बांध ओलांडून, गुडघ्यापर्यंत चिखल.

चाळीत हर्षल आणि कारभारीभाऊ क्रेटं रचत होते. माणसाच्या उंचीची थप्पी झाली होती. ट्रॅक्टर बंद होता.

"थांबा!" मी ओरडले. "रेवा कुठंय?"

हर्षलनं हातातलं क्रेट तसंच धरून ठेवलं. "तुझ्याजवळ."

"माझ्याजवळ नाही! तुमच्याजवळ!"

"माझ्याजवळ कशी असेल? मला वाटलं, तू तिला घरात नेलं."

"क्रेट होतं! टोकाचं! पांढऱ्या कपड्याचं!"

त्याच्या हातातलं क्रेट खाली पडलं. कांदे चाळभर गडगडले. आणि कारभारीभाऊ अगदी बारीक आवाजात म्हणाले, "एक हलकं लागलं होतं खरं. मी म्हटलं, याच्यात पातच जास्त असंल."

त्यानंतर जे झालं त्याला शोध म्हणणं कठीण आहे. मॅडमसकट सगळ्यांनी क्रेटं उपसली. लुगड्याचे तुकडे उडत होते, पात उडत होती. सासूबाई एका हातानं क्रेट ओढायच्या आणि दुसऱ्या हातातल्या झाऱ्यानं कारभारीभाऊंना ढोसायच्या. "समजून घ्यायचं असतं काय! घे आता समजून!" एकाही क्रेटात रेवा नव्हती. मी खाली बसले. 

आणि मग मला ट्रॅक्टर ऐकू आला.

ट्रॅक्टर तर दाराशी बंद उभा होता. आवाज येत होता चाळीमागून. जरा बारीक, जरा ओला, मध्येच श्वास घेणारा. "भड्भड्भड्भड्... भड्भड्भड्भड्..."

मागं लिंबाखाली दगूतात्या मांडी घालून बसले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला कडक टोपी. समोर क्रेट. एका हातानं माश्या वारत होते आणि तोंडानं ट्रॅक्टर चालवत होते. ओठ सुजल्यासारखे झाले होते. क्रेटात माझी लेक, मुठी वर करून, गाढ.

मी धावले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, तोंडातला ट्रॅक्टर न थांबवता. मग एका श्वासात कुजबुजले, "हळू. यांनी इंजिन बंद केलं तशी चुळबुळली होती. आत्ता लागलीय." आणि परत, "भड्भड्भड्..."

मी क्रेटाजवळ बसले. नाकाखाली बोट धरलं. पोट वर गेलं, खाली आलं. मी रडायला लागले, तर दगूतात्यांनी भुवया उंचावून मलाच गप्प केलं.

हर्षल म्हणाला, "तात्या, हाक तरी मारायची! आमचा जीव गेला ना इकडं!"

तात्यांना ते समजेना. "हाक कशाला? तुम्हीच दिली ना?"

"आम्ही? कशाला देऊ?"

"आता कशाला म्हणजे?" त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. मॅडमकडंही. मॅडम कोण हे त्यांना माहीत नव्हतं, ओढणी अजून तोंडालाच होती. "कारभारी म्हणला, तात्या, काळजी करू नका, मॅडम यायच्या आधी तुमच्याकडं सगळं भरलेलं दिसेल. कांदे उसने आणले. मग ट्रॉलीतून उतरवलेल्या एका क्रेटात लेकरू निघालं. मी म्हटलं, हेपण आणलं असंल. घर भरलेलं दिसावं म्हणून. मी आपला सदरा बदलला."

 कारभारीभाऊ वाकून कांदे गोळा करायला लागले.

मॅडमनी तोंडावरची ओढणी सोडली आणि त्यांच्याजवळ खाली बसल्या. "तात्या, तुमचा स्वतःचा कांदा किती आहे?"

"माझा? हाय की. भाजीपुरता."

"मग चाळ कशाला मागितली?"

दगूतात्या ओशाळून हसले. "घर मागितलं तर घरात कोण येतं हो, मॅडम? चाळ असली की माणूस येतो. कुणाला जागा कमी पडती, कुणाला सावली पाहिजे असती. कांदा ठेवायला एकदा येतो, बघायला चारदा येतो, न्यायला पुन्हा येतो. चहा होतो."

मॅडम उठल्या. ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फार झोंबतो हो हा कांदा." मग आवाज चढवला. "चाळ रिकामी करा. मला तळ मोजायचाय."

"पुन्हा?" हर्षल म्हणाला.

"पुन्हा. आणि कारभारीभाऊ, पुढच्या वेळी कुणाला कांदे उसने दिलेत ना, तर मीच तुमचं नाव लिहून देईन वर. तळाच्या फटी कांद्याला वारा लागावा म्हणून असतात, पात झाकायला नाही."

त्यांनी दोन्ही चाळी मोजल्या. फटी बरोबर होत्या. कारभारीभाऊंना बाकी काही कळत नसलं तरी चाळ बांधता येत होती. फोटोत दगूतात्यांना चाळीसमोर उभं केलं, तर ते क्रेट सोडून येईनात. शेवटी मॅडमनी सांगितलं, मग बाळासकट क्रेट घेऊनच उभे राहा. दोघांच्याही मंजुऱ्या आल्या, यथावकाश, सरकारी चालीनं. म्हैस घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिला माझ्या गृहप्रवेशाहून जास्त हौसेनं ओवाळलं, आणि मी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या पिकाचा कांदा आम्ही स्वतःच्या चाळीत ठेवलाच नाही, दगूतात्यांकडं ठेवला. बघायला रोज जायचो. रेवा तिथंच रांगायला लागली. ट्रॅक्टरची गरज सुटली तेव्हा तात्या थोडे हिरमुसलेही. पहिला शब्द तिनं 'तात्या' असा उच्चारला, असं ते सगळ्यांना सांगायचे. प्रत्यक्षात ती 'टा टा' म्हणाली होती, पण मी तिथंही गप्प बसले.

आता आम्ही नाशिकला असतो. हर्षलची नोकरी, रेवाची शाळा. नाना आणि सासूबाईही हिवाळ्यापासून इकडंच, नानांच्या गुडघ्यासाठी. कारभारीभाऊ त्यांच्या मुलाकडं गेलेत. आमचं रान यंदा वाट्यानं दिलंय, आणि वाटेकऱ्यानं कांदा थेट विकला, भाव बरा होता म्हणून. दगूतात्यांना मी रविवारी फोन करते. गेल्या दोन रविवारी त्यांनी उचलला, पण "बरा आहे, बरा आहे" म्हणून लगेच ठेवला. ते एवढे लवकर फोन ठेवणारे नाहीत. मला तुम्ही घाबरट म्हणा. मी आहेच.

तर एक काम सांगते. चांदवडकडं जाणं झालं तर उंबरदरी फाट्यावर आत वळा, ओढा ओलांडला की डाव्या हाताला लांब पत्रा दिसेल. कसे आहात म्हणून विचारायला जाऊ नका, दोन मिनिटांत वाटेला लावतील. गाडीत असेल ते एखादं पोतं, सायकल, काहीही घेऊन जा आणि म्हणा, तात्या, चार दिवस ठेवायचं होतं, जागा आहे का? ते आत नेतील. तेव्हा जरा मान वाकवून बघा, आत आणखी कुणाचं काही आहे का. आणि चाळ रिकामी असेल, तर चहा झाल्यावर मला फोन करा.